थालीपिठाची बाग

दिवाळीत अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात मुलं किल्ला करतात. दगड, विटा, पोती, वर मातीचा लेप आणि त्यावर विखुरलेले अळीव किंवा मोहरी. चार दिवसांत किल्ला हिरवागार होतो. महाराष्ट्रातल्या लाखो मुलांच्या हातून झालेली ही पहिली पेरणी असते. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य उगवताना त्यांनी पाहिलेलं असतं, ते वेगळंच. अडचण एवढीच की दिवाळी संपली की किल्ला मोडतो, माती कुंडीत किंवा कचऱ्यात जाते आणि उगवण्याचा हा धडा ताटापर्यंत पोहोचण्याआधीच संपतो. तो पुढे नेला तर काय होईल, याविषयी आजचा लेख.

पाश्चात्त्य देशांतल्या अनेक शाळांमध्ये ‘पिझ्झा बाग’ नावाचा एक प्रकार रूढ आहे. गोल वाफा आखायचा, पिझ्झ्याच्या तुकड्यांसारखे त्याचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात टोमॅटो, कांदा, तुळशीच्या कुळातली बेझिल अशी एकेक वनस्पती लावायची. ‘आपण भाजीपाला लावू या’ म्हटलं तर मूल पळून जातं. ‘आपण पिझ्झा पेरू या’ म्हटलं की थांबतं. युक्ती चांगली आहे. फक्त आपल्याकडे पिझ्झा पेरायची गरज नाही, आपल्याकडे थालीपीठ आहे. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळ्याचा पाला, कांद्याची आणि लसणाची पात, हिरवी मिरची हे सगळं त्यात जातं. आणि हे सगळं गॅलरीतल्या चार-सहा कुंड्यांत किंवा एक मीटर लांबी-रुंदीच्या वाफ्यात येतं. डिसेंबर-जानेवारीची थंडी तर पालेभाज्यांचा हक्काचा हंगाम.

हा डॉक्टरांचा विषय कसा?

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आया एक वाक्य रोज म्हणतात : ‘डॉक्टर, हा भाजीला हात लावत नाही, काहीतरी टॉनिक लिहून द्या.’ मुलाच्या पापणीची आतली बाजू पाहिली तर ती फिकट असते. जेवणाची चौकशी केली तर दिवसभरात दूध, बिस्किटं, वरणभात, पाच-दहा रुपयांची कुरकुरीत पाकिटं. दुधात लोह जवळजवळ नसतं आणि दुधाने पोट भरलेलं मूल जेवत नाही, हे अनेक घरांत ठाऊकच नसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ६८.९ टक्के होतं. त्याआधीच्या फेरीत ते ५४ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे आपल्याकडे दर तीन लहान मुलांपैकी दोघांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. असं मूल लवकर दमतं, वारंवार आजारी पडतं, त्याचं अभ्यासात लक्ष लागत नाही. लहान वयातल्या लोहाच्या कमतरतेचा मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम तर नंतर लोह दिलं तरी पूर्णपणे भरून येईलच असं नसतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. कुंडीतली मेथी हा रक्तक्षयाचा उपचार नव्हे. हिशेब करून पाहा. चार ते सहा वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ११ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावं, अशी शिफारस आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम मेथीच्या पानांत साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, पालकात त्याच्या निम्मंच. मुलाच्या वाट्याला मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम मेथी आली, तर दीड मिलिग्रॅमही लोह होत नाही. त्यातलंही शरीर थोडंच शोषून घेतं. त्यामुळे ज्याचं हिमोग्लोबिन कमी आहे, त्याला औषध लागतंच. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या २०१८ पासूनच्या कार्यक्रमात पाच वर्षांखालच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एक गुलाबी गोळी आणि दहा ते एकोणीस वयोगटाला आठवड्यातून एक निळी गोळी मोफत मिळते. ती घ्यायलाच हवी. शिवाय विदर्भात किंवा नंदुरबारसारख्या भागात रक्तक्षयामागे सिकलसेल असू शकतो, काही कुटुंबांत थॅलेसिमिया असतो. म्हणून फिकट दिसणाऱ्या मुलाची रक्ततपासणी आधी, बाग नंतर.

मग बाग कशाला? गोळीचा कोर्स संपतो, जेवण आयुष्यभर चालतं, म्हणून. हिरवी भाजी खाणारं मूल तयार करणं हे कुठल्याही सिरपच्या आवाक्यातलं काम नाही.

मुलं भाजी का नाकारतात?

दोन ते सहा या वयात मुलं नवा पदार्थ पाहून तोंड फिरवतात. हा हट्ट किंवा लाडाचा परिणाम नसतो. तो या वयाचा स्वभाव आहे. नुकतंच चालायला लागलेलं मूल दिसेल तो पाला तोंडात घालू लागलं तर विषबाधा व्हायची. अनोळखी आणि कडवट गोष्टींपासून लांब राहण्याची ही उपजत सावधगिरी असावी, असं मानलं जातं. तिच्यावरचा उपाय म्हणजे ओळख. एखादी नवी चव मुलाने स्वीकारण्याआधी ती दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, हे बालपोषणाच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आपण मात्र तीनदा वाढतो, तीनदा ते परत येतं आणि ‘त्याला मेथी आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो.

बागेचा उपयोग इथे आहे. ताटात यायच्या आधीच मेथीची दहा वेळा भेट झालेली असते : दाणे भिजवताना, पेरताना, कोंब दिसताना, पाणी घालताना, चुरगाळून वास घेताना. तोंडात घालण्याची सक्ती नसताना झालेली ही ओळख सगळ्यांत कामाची. शाळांमधल्या बागांच्या अभ्यासांतही, मुलांनी स्वतः लावलेल्या भाज्या चाखून पाहण्याची त्यांची तयारी वाढलेली दिसते. लावणं आणि रांधणं अशा दोन्ही गोष्टींत मुलांचा हात असेल, तर परिणाम आणखी चांगला असतो.

वाफ्यातले धडे

थालीपिठाच्या बागेतली प्रत्येक वनस्पती मुलाला काही ना काही शिकवते. म्हणून निवड करताना थोडा विचार करावा.

*कांदा आणि लसणाची पात.* सुरुवात इथून करावी. टोपलीतला कोंब आलेला कांदा मातीत अर्धा पुरायचा, लसणाच्या पाकळ्या टोक वर करून खोचायच्या. आठ-दहा दिवसांत कापता येईल एवढी पात वर येते. पाच वर्षांच्या मुलाच्या धीराला एवढाच वेळ झेपतो.

*मेथी.* दाणे रात्रभर भिजवले तर तीन-चार दिवसांत उगवतात आणि महिन्याभरात भाजी कापणीला येते. मुंबईच्या बाजारात मुळांसकट इवल्याशा जुड्यांत मिळणारी ‘समुद्रमेथी’ ही वाळूत वाढवून अगदी कोवळी उपटलेली मेथीच असते. पसरट भांड्यात वाळू आणि माती मिसळून घरीही तशी बोटभर मेथी दोन आठवड्यांत घेता येते. मेथी शेंगवर्गातली. जमिनीत योग्य जिवाणू असतील तर तिच्या मुळांवर बारीक गाठी दिसतात. हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणण्याचं काम या गाठींमधले जिवाणू करतात. सगळे जंतू वाईट नसतात, हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

*कोथिंबीर.* धणा हे खरं तर छोटं फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. पेरण्याआधी धणे लाटण्याखाली हलके रगडून दुभंगायचे. हे काम मुलं मोठ्या आनंदाने करतात. उगवायला आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. ‘अजून का नाही आली?’ हा प्रश्न रोज येईल. माती उकरून पाहू न देणं हे मोठ्यांचं काम!

*मुळा आणि पालक.* मुळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवतो आणि दाट रोपांची विरळणी करावी लागते. उपटलेली कोवळी रोपं फेकायची नाहीत, धुऊन थालीपिठात घालायची. आपण मुळ्याचा पाला टाकून मुळा खातो, पण लोह आणि कॅल्शियम मुळ्यापेक्षा पाल्यात कितीतरी जास्त असतं. पालक बाहेरची पानं खुडून घेतली तर पुन्हा पुन्हा येतो.

*मिरची.* रोपवाटिकेतून एक-दोन रोपं आणावीत. फुलापासून फळ होताना पाहायला मिरचीसारखं झाड नाही. मात्र मिरची तोडायचं काम मोठ्यांसोबतच करावं आणि लगेच साबणाने हात धुवावेत. तोच हात डोळ्याला लागून रडत दवाखान्यात आलेली मुलं आम्ही पाहतो.

*पानओवा आणि कढीपत्ता.* थालीपिठाच्या सोबतीला या दोन कुंड्या हव्यात. पानओव्याची फांदी खोचली तरी जगते. याच्या जाड, लवदार पानाला ओव्याचा वास येतो, पण आपण मसाल्यात वापरतो तो ओवा या झाडाचा नव्हे. वनस्पती वेगळ्या, सुगंधी तेलं मात्र मिळतीजुळती. कढीपत्त्यावर लिंबाच्या झाडावर येणारीच फुलपाखरं अंडी घालतात. त्यांची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. ती दिसली तर मारू नका. चार पानं गेली तरी चालतील. पंधरा-वीस दिवसांत कोषातून फुलपाखरू बाहेर येताना पाहणं हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळत नाही.

पालकातून सापडलेलं जीवनसत्त्व

हिरव्या पानाची एक गोष्ट मुलांना जरूर सांगा, कारण तिची सुरुवात मुंबईत झाली. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्लंडची डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांशी संबंधित गरीब वस्त्यांतल्या गरोदर स्त्रियांना एक गंभीर रक्तक्षय होत असे, त्याचा अभ्यास तिने इथे केला. या स्त्रियांच्या आहारात काहीतरी कमी आहे, हे तिच्या ध्यानात आलं. यीस्टच्या अर्काने, म्हणजे ‘मार्माइट’ या स्वस्त खाद्यपदार्थाने, त्या बऱ्या होतात असं तिने दाखवून दिलं आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं नेमकं द्रव्य कोणतं, हे तेव्हा कळलं नव्हतं. पुढे १९४१ साली अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी सुमारे चार टन पालकातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘फोलिक ॲसिड’ हे नाव दिलं. लुसी विल्स शोधत होती ते हेच द्रव्य. आज प्रत्येक गरोदर स्त्रीला लोहाच्या गोळीतून ते दिलं जातं.

हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नष्ट होतं. म्हणून पालेभाजी कापण्याआधी धुवावी, कापून झाल्यावर नव्हे. आणि उकडून पाणी फेकू नये.

थालीपीठच का?

आता ताटाकडे येऊ. पानांमधलं लोह शरीराला सहज मिळत नाही. पालकातली ऑक्झॅलेट्स, धान्यातली फायटेट्स त्याला अडवतात. पालक खाताच दंड फुगणारा पोपाय कार्टूनपुरताच. पण ‘क’ जीवनसत्त्व सोबत असेल तर हेच लोह बरंच अधिक शोषलं जातं. थालीपिठावर लिंबू पिळलं किंवा सोबत पेरूची, आवळ्याची फोड दिली की काम होतं. पानांतलं बीटा कॅरोटिन, ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं, ते शोषायला थोडा स्निग्ध पदार्थ लागतो. लोण्याचा गोळा त्यासाठीच. भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ यांच्यासोबत हरभरा आणि उडीद असतात, त्यामुळे धान्यात कमी पडणारी प्रथिनं डाळी भरून काढतात. लोखंडी तव्यातूनही थोडं लोह उतरतं. आजीने हे पोषणशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण तिचं ताट बरोबर होतं.

बिघाड होतो तो चहामुळे. थालीपिठासोबत चहा दिला तर त्यातली टॅनिन्स लोहाला बांधून ठेवतात. मुलांना चहा नकोच. मोठ्यांनीही जेवणानंतर तासभर थांबावं.

थालीपीठ थापून मधोमध बोटाने भोकं पाडण्याचं काम मुलाला द्या. ज्याने भोकं पाडली, तो ते खाऊन पाहतोच.

मातीत हात, पण जपून

मुलांनी मातीत खेळावं, या मताची मी आहे. मात्र काही पथ्यं पाळायलाच हवीत.

• बागेत काम करताना पायांत चपला हव्यात. अंकुशकृमीच्या अळ्या दूषित मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त शोषतात. रक्तक्षय टाळायला लावलेल्या बागेतून रक्तक्षय घरी येऊ नये. काम झाल्यावर साबणाने हात धुणं, नखं कापणं आणि शाळेत, अंगणवाडीत जंतनाशक दिनाला मिळणारी गोळी घेणं या तिन्ही गोष्टी सांभाळा.

• शेणखत पूर्ण कुजलेलं असावं. ताजं शेण पालेभाजीला घालू नये आणि सांडपाणी तर अजिबात नको.

• कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. ताटल्या घासून, पुसून उपड्या ठेवा. हे काम मुलांवर सोपवा, ती विसरत नाहीत.

• मुलांच्या बागेत रासायनिक कीटकनाशक नको. मावा पडला तर पाण्याचा फवारा किंवा निंबोळी अर्क पुरतो. शेतकरी घरांत फवारणीचं औषध थंड पेयाच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नका. तहानलेल्या मुलाने ते प्यायल्याचे प्रसंग ग्रामीण रुग्णालयांना नवे नाहीत आणि त्यातली सगळी मुलं वाचत नाहीत.

• रंगाचे जुने डबे, बॅटरीचे खोके कुंडी म्हणून वापरू नका. त्यातलं शिसं मातीत उतरतं. फळांचे क्रेट, तेलाचे डबे, पत्र्याचे पिंप चालतील. तळाला भोकं हवीत.

• एरंड, मोगली एरंड, धोत्रा, कण्हेर, पिवळी कण्हेर ही झाडं मुलांच्या बागेजवळ नकोत. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यांसारख्या लागतात म्हणून गटाने खाऊन उलट्या-जुलाबांनी आजारी पडलेली मुलं रुग्णालयात येतात. ‘विचारल्याशिवाय कुठलंही पान, बी, फळ तोंडात घालायचं नाही’ हा बागेचा पहिला नियम. आणि तसं काही घडलंच, तर घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. उरलेलं पान किंवा बी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.

कुणी काय करायचं?

दोन-तीन वर्षांच्या मुलाने छोट्या तांब्याने पाणी घालावं. चार ते सहा वयाची मुलं दाणे पेरतील. मेथी, मुळा, धणे ही बोटांत धरता येणारी बियाणी त्यांना सोयीची. त्यापेक्षा मोठी मुलं पट्टीने रोपाची उंची मोजून वहीत लिहितील, वीस दाणे पेरले त्यातले किती उगवले याची टक्केवारी काढतील. दहा वर्षांवरच्या मुलांनी पेरणीचं वेळापत्रक करावं. सगळी मेथी एकदम न पेरता दर दहा दिवसांनी थोडी पेरली, तर दर आठवड्याला थालीपिठापुरती मिळत राहते.

पालेभाज्यांना एक वीतभर खोल माती आणि चार-पाच तास ऊन पुरतं. मिरचीला थोडी जास्त खोली लागते. माती, कुजलेलं खत आणि कोकोपीट समप्रमाणात मिसळा. जागाच नसेल तर शाळेकडे पाहा. शालेय पोषण आहार योजनेत परसबागेची तरतूद आहे. शिक्षक आणि पालक मिळून ती जिवंत ठेवू शकतात. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्येही हाताने काम करत शिकणं हाच गाभा होता.

मोठ्यांनी मात्र दोन मोह टाळावेत. पहिला, वाळलेल्या रोपाच्या जागी गुपचूप नवं रोप लावण्याचा. पाणी घालायचं राहिलं की रोप मरतं, हे मुलाला कळू द्या. दुसरा मोह सक्तीचा. ‘एवढं कष्टाने लावलंस, आता खा’ असं म्हटलंत की बागही शाळेसारखी वाटू लागते. थालीपीठ करा, तुम्ही स्वतः चवीने खा, त्याच्या ताटात एक तुकडा ठेवा आणि गप्पा दुसऱ्याच विषयावर मारा. नाही खाल्लं, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करा. दहा-पंधरा वेळांचा हिशेब लक्षात ठेवा.

या आठवड्यासाठी एवढंच करा : रात्री मूठभर मेथीदाणे मुलाच्या हाताने भिजत घाला आणि टोपलीतले कोंब आलेले दोन कांदे बाजूला काढून ठेवा. लसीकरण किंवा सर्दी-खोकल्याच्या निमित्ताने दवाखान्यात जाल, तेव्हा मुलाचं हिमोग्लोबिनही तपासून घ्या. मेथी कापायला येईपर्यंत तो आकडा तुमच्या हातात असायला हवा.